बाँड मागायला गेलो, साध्या कागदावर काम झालं (सातारा कोर्टासमोर)

कोर्टासमोर टायपिंगवाले बसतात त्यातल्या एका काकांचा रिव्ह्यू टाकतोय, ४ स्टार. पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्याला प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं म्हणून गेलो आणि सगळे म्हणतात तसंच म्हणालो, काका ५०० चा एक बाँड द्या. काका चष्म्यावरनं बघत म्हणाले, "का, कुणाला जामीन राहताय?"

मला कायच कळेना. मग टायपिंग चालू ठेवूनच त्यांनी सांगितलं की तुम्ही बाँड बाँड म्हणता तो नुसता स्टॅम्प पेपर, म्हणजे सरकारचं मुद्रांक शुल्क भरल्याचा कागद, त्यावर भाडेकरार लिहिला तर तो करार, आणि मी अमुक करीन, नाही केलं तर एवढे पैसे भरीन असं स्वतःला बांधून घेतलं तर तो बाँड. जामिनावर सुटणारा तारखेला हजर राहीन म्हणून लिहून देतो तो बाँड. चाप्टर केसमधे, म्हणजे पुढं भांडणतंटा होऊ नये म्हणून आधीच करतात त्या केसमधे, तहसीलदारासमोर नीट वागीन म्हणून देतात तो पण बाँड. सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस झालं की १ वर्ष सरकारी सेवा करा नाहीतर १० लाख भरा, तो डॉक्टरांचा बाँड. इंग्रजी शब्द असला तरी आपल्या बंधनाचाच लांबचा भाऊबंद आहे म्हणे. शेजारचा झेरॉक्सवाला मधेच म्हणतोय, माझ्याकडं पण बाँड पेपर आहे, तो नुसता जाड कागद बरं का.

आणि आमचे मेव्हणे दर दिवाळीला "बाँडवर लिहून देतो, पैसे परत करतो" म्हणतात ते यातलं कुठलंच नाही, त्यांनी अजून वहीच्या पानावर पण लिहून दिलेलं नाही.

आता मेन गोष्ट. दाखल्यासाठी सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या स्टॅम्पवर व्हायची ती कामं ५०० वर गेलीत त्यामुळं हे माहीत पाहिजेच, मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी ह्याच कामाला माझ्या गळ्यात ५०० चा स्टॅम्प मारला होता आणि मी थँक्यू म्हणून आलो होतो. ह्या काकांच्या टेबलावर स्टॅम्पचा गठ्ठा पडलेला, दिला असता तर मला कळलं पण नसतं. टायपिंगचे ८० रुपये घेतले फक्त.

एक स्टार कापला कारण आडनाव दोनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा प्रिंट काढताना लाईट गेली, तासभर बाकड्यावर बसून होतो. प्रिंट हातात घेतल्यावर तिथंच वाचून बघा. आधारची झेरॉक्स घरनंच न्या, आणि १ ते २ मधे जाऊ नका, काका डबा खातात, तेव्हा कुणाशी बोलत नाहीत.