एनालाप्रिल की सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन?

इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) ४० टक्के किंवा कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये (हृदयाची पंपिंग ताकद कमी पडणं) ही दोन्ही औषधं चालतात. रक्तदाब झेपत असेल तर आमचा कौल सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनला. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत एनालाप्रिलच्या तुलनेत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी दिसला. एनालाप्रिलने कोरडा खोकला जास्त, तर सॅक्युबिट्रिलने रक्तदाब अधिक उतरतो, उभं राहताना चक्कर येते.

बदलताना घाई अजिबात नको. एनालाप्रिलच्या शेवटच्या गोळीनंतर पूर्ण ३६ तास थांबायचं. दोन्ही औषधांमुळे ब्रॅडिकिनिन (शरीरातलं सूज आणणारं रसायन) साठतं; ती एकत्र आली तर जीभ-घसा सुजून श्वास अडकू शकतो. पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) दोन्हीकडे १-२ आठवड्यांत तपासावंच. सॅक्युबिट्रिलवर बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारं रक्तातलं संप्रेरक) औषधामुळेच वाढतं, म्हणून त्याऐवजी एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी करा.