गेमिंग व्हिडिओतल्या शिव्या काढायला ऑडॅसिटी पुरेसं आहे

धाकटा भाऊ आणि त्याचे तीन मित्र रात्री गेम खेळतात, रेकॉर्ड करतात. व्हिडिओ टाकण्याआधी त्यातल्या शिव्या काढायचं काम माझं. कमेंटमध्ये शाळकरी मुलं दिसायला लागल्यापासून मी ते मनापासून करते.

आधी शिव्या आपोआप ओळखणारी एक ऑनलाइन सेवा वापरली. "फक्त दोन गोळ्या उरल्यात" यातल्या "फक्त"वर तिने बीप घातला, कारण तिला तिथे इंग्रजी शिवी ऐकू आली. आई-बहिणीवरच्या अस्सल मराठी शिव्या मात्र जशाच्या तशा! तो व्हिडिओ मी पुन्हा न ऐकता टाकू दिला. यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही, त्यामुळे अख्खा व्हिडिओ काढावा लागला आणि मुलांच्या कमेंटही गेल्या. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून ऑडॅसिटी. 2000 सालापासून मोफत मिळणारं हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर या कामाला चोख आहे. पहिल्यांदा त्यात व्हिडिओचा आवाज चालू ठेवून नुसतं ऐकते. शिवी आली की कंट्रोल-एम, तिथे खूण पडते. मग एकेका खुणेवर जाऊन झूम करायचं, शब्द निवडायचा आणि कंट्रोल-एल. तेवढा भाग शांत होतो, पण लांबी तीच राहते. इथे डिलीट कधीही दाबू नका. आवाज तेवढा आखडतो आणि पुढचा सगळा व्हिडिओ ओठांशी जुळेनासा होतो. बीप हवा असेल तर जनरेटमधला टोन, 1000 हर्ट्झ. त्याची पातळी मुळात 0.8 असते, हेडफोनवर कानात घुसते, मी 0.2 ठेवते. शब्दाचं पहिलं अक्षरही सोडायचं नाही, तेवढ्यावरून मुलं ओळखतात.

खरी मेहनत वाचते ती रेकॉर्डिंगच्या वेळी. गेम रेकॉर्ड करायच्या ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये सहा ऑडिओ ट्रॅक मिळतात. गेम, भावाचा माइक आणि मित्रांचा व्हॉइस चॅट वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले की शिवी गप्प करताना गोळीबार आणि पार्श्वसंगीत तुटत नाही. बघणाऱ्याला मध्ये काही कापलंय हे जाणवतही नाही. फक्त खेळताना हेडफोन हवेतच. स्पीकर चालू असला तर मित्राची शिवी भावाच्या माइकमध्येही शिरते आणि दोन ठिकाणी काढत बसावं लागतं.

ऑडॅसिटी चित्राला हात लावत नाही. गेमच्या चॅटमध्ये टाइप केलेल्या शिव्या व्हिडिओ एडिटरमध्ये धूसर कराव्या लागतात, आणि त्या मला हमखास दुसऱ्यांदा बघतानाच दिसतात.