खरेदीखताची तारीख पुढे ढकलणाऱ्या मालकापासून सावध राहा : आमचे १३,८४,००० रुपये गेले

पुण्यात वारजे भागातला रिसेलचा वन बीएचके, ६२ लाखांना ठरलेला. पैसे कसे गेले ते आधीच सांगते. विसार २,००,००० चेकने, पाचशेच्या स्टॅम्पवर विसार पावती. नंतर ६,५०,००० आरटीजीएसने, मालकाला गृहकर्ज बंद करायचंय म्हणून. ८५,००० रोख एजंटच्या हातात, "सोसायटी ट्रान्सफरचे". ४,३४,००० मुद्रांक शुल्क, माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र असल्यामुळे सात टक्क्यांनी. आणि १५,००० दस्ताचा मसुदा करणाऱ्या वकिलाला. तो वकीलही एजंटनेच आणलेला. वकील स्वतःचा करा, आपल्या ओळखीचा करा, महाग पडला तरी चालेल.

या लोकांची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. आधी "दुसरी पार्टी तयार आहे" म्हणून घाई, आणि पैसे गेले की सगळं थंड. आम्हाला सुरुवातीला सांगितलं, मूळ कागद बँकेतून सुटायला वेळ लागतोय. मग पितृपक्ष आला, शुभ कार्य नको. मग सोसायटीचे सेक्रेटरी गावाला गेले. मग दुय्यम निबंधक कार्यालयाचा सर्व्हर डाऊन. यातलं एकही कारण अशक्य नव्हतं, म्हणूनच ती कारणं चालली. पुण्यात ज्यांनी घर घेतलंय त्यांनी सर्व्हर डाऊन असल्याचं कधी ऐकलं नाही असं सांगावं!

सोसायटीचं ना हरकत पत्र हातात आलं तो दिवस मी विसरू शकत नाही. झेरॉक्स होती. सगळं पत्र एका टाइपात आणि "खरेदीदार" या शब्दापुढे आमची नावं वेगळ्या, बारीक टाइपात, ओळीच्या किंचित वर. नावांभोवती पांढरा चौकोन, आणि त्या चौकोनाने खालच्या ओळीतल्या वेलांट्या अर्ध्या कापलेल्या. मी तिथेच बोट ठेवून विचारलं. एजंट म्हणाला, "मॅडम, आधी नाव चुकलं होतं, सेक्रेटरींनी दुरुस्त करून दिलं." त्या चौकोनाखाली दुसऱ्या कुणाचं तरी नाव होतं. आज ते पत्र काढून बघते तेव्हा संताप अनावर होतो. पण सोसायट्यांची पत्रं अशीच असतात हो, जुन्या पत्रावर नाव बदलून दिलेली. मी स्वतः हिशेबाच्या कामात आहे, रोज कागद तपासते, विचारायचं ते विचारलंही होतं. समोरचा माणूस डोळ्यांत बघून खोटं बोलत होता, तो दोष माझा नाही.

ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत २५,००० च्या वर सोसायटीला घेताच येत नाही. ८५,००० कुणी मागितले तर तिथूनच उठा.

शेवटी भावाने नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च केला. सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, निघाली, फ्लॅट दुसऱ्यांच्या नावावर. रीतसर नोंदलेलं खरेदीखत, आमच्याकडून कर्जफेडीचे पैसे घेतल्यानंतरच्या तारखेचं. हा शोध फुकट आहे. विसार देण्याआधी करा आणि व्यवहार लांबला तर पुन्हा पुन्हा करा.

मुद्रांक भरायची घाईही त्यांचीच होती: "चलन काढून ठेवा, तारीख मिळाली की लगेच बसू." वापरला न गेलेल्या मुद्रांकाचा परतावा सहा महिन्यांच्या आत मागावा लागतो. आमचे सहा महिने त्यांच्या कारणांमध्येच संपले. बँकेच्या कर्जमंजुरीची मुदतही तशीच गेली. मालक चालढकल करतो तेव्हा तो आळशी असतो असं समजू नका, तुमच्या मुदती तो एकेक करून संपवत असतो.

पोलीस चौकीत उत्तर ठरलेलं: "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." पैसे एकाकडून घेऊन घर दुसऱ्याला विकायचं, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? तक्रार घेतली ती "अर्ज" म्हणून, आणि त्या अर्जाचं काय झालं हे विचारलं की साहेब बंदोबस्तावर. दुय्यम निबंधक कार्यालयात सांगितलं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकीची शहानिशा आमचं काम नाही. रेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवरच्या नियामकाकडे विचारलं, तर रिसेलचा व्यवहार त्यांच्याकडे येत नाही. मुद्रांक कार्यालयात, मुदत संपली. सोसायटी म्हणते, ते पत्र आमचं नाहीच. मग सामान्य माणसाने जायचं कुठे? लाखांनी मुद्रांक घेताना सरकार एक दिवस थांबत नाही, आणि फसवणूक झाली की प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते. चौकीत गुन्हा घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना टपालाने तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा. आम्ही पाठवली आहे, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.

कर्ज बंद करण्याचे पैसे मालकाच्या बचत खात्यात कधीही टाकू नका. बँकेचं थकबाकीचं पत्र मागा, त्यावरच्या कर्ज खात्यातच भरा. आणि विसार पावतीवर थांबू नका, साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदवून घ्या. तो खर्च वाया जात नाही, त्यावरचा मुद्रांक खरेदीखतात वळता होतो.

घरात वास्तुशांतीची तारीखसुद्धा काढली होती. सासूबाई अजून नातेवाइकांचे फोन घेत नाहीत.

मालकाने विसाराच्या परतीचा म्हणून २,००,००० चा चेक दिला होता, तो वटला नाही. लगेच फोन आला, "ताई, पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका." चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाली की ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ हातातून जातं. त्याला तेच हवं होतं. नोटीस या वेळी आमच्या वकिलाने दुसऱ्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली.