‘द अननोन’ची ब्लू-रे: आधी प्लेअर बघा, मग पैसे मोजा

दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगचा ‘द अननोन’ (१९२७) हा सर्कशीतला मूकपट बरीच वर्षं हरवल्यातच जमा होता. १९६८ साली पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेज या चित्रपट-संग्रहालयात त्याची प्रिंट मिळाली. तिथे ‘अज्ञात’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यांची रासच होती, त्यात हाही दबून गेला होता. संग्राहक या हकिकतीवर फिदा असतात, पण खरा माल नायक झालेला नट लॉन चॅनी आहे. हात नसल्याचं सोंग घेऊन पायाने सुऱ्या फेकणारा अलोन्झो! पायांची अवघड कामं हात नसलेल्या डबलने केली आहेत. चॅनीचं धड आणि डबलचे पाय एकाच चौकटीत असतात, तरी सांधा सापडत नाही.

क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-कंपनीच्या २०२३ च्या दोन डिस्कच्या संचात हा ब्राउनिंगच्याच ‘फ्रीक्स’ आणि ‘द मिस्टिक’सोबत येतो. जुन्या डीव्हीडीवर तो जेमतेम पन्नास मिनिटांचा होता. जॉर्ज ईस्टमन म्युझियमने चेक देशातल्या प्रिंटमधले तुकडे जोडल्यावर तो ६६ मिनिटांचा झाला आहे. ओरखडे अधूनमधून दिसतात, ते चालायचंच. फिलिप कार्लीचं संगीत प्रसंगावर कुरघोडी करत नाही आणि डेव्हिड स्कालची कॉमेंट्री चुकवू नये अशी.

मुंबईत घोडं अडतं ते रीजनवर, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणाऱ्या कोडवर. ही डिस्क रीजन ‘ए’ची, भारत ‘सी’मध्ये. इथे विकत घेतलेला साधा प्लेअर ती चालवत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘मल्टी-रीजन’ (सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा) म्हणून प्लेअर दाखवला, तर ब्लू-रेचं विचारा. बऱ्याचदा फक्त डीव्हीडीचं रीजन उघडलेलं असतं. ‘ए’ची एखादी डिस्क सोबत नेऊन दुकानातच लावून बघा. अमेरिकेतून प्लेअर मागवणार असाल तर मागचं लेबल वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, नाहीतर आपल्या २३० व्होल्टवर पॉवर सप्लाय जळेल.

स्वस्तात मिळाली म्हणून भुलू नका. २०२३ पासून हा चित्रपट अमेरिकेत प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे कोणीही कॉपी मारून विकू शकतो. डबीच्या पाठीवर पन्नासच्या आसपास मिनिटं छापली असतील तर ती जुनीच आवृत्ती. अस्सल डिस्कच्या मधल्या भोकाभोवती बारीक कोरीव आकडे असतात, तेही बघा.

‘द मिस्टिक’ एकदा बघण्यापुरता ठीक. पण ‘द अननोन’साठीच हा संच घेतला तरी पैसे वसूल.