डायलिसिसच्या खाटेवरची पेडल सायकल : काही महिन्यांच्या वापरानंतर

डायलिसिस चालू असताना खाटेवर पडल्या पडल्या पाय चालवायला चावी फिरवून घट्ट-सैल होणारी, दीड-दोन हजारांची साधी पेडल सायकल. मुळात ती जमिनीवर ठेवायची वस्तू, त्यामुळे रेक्झिनच्या गादीवर जोर लावताच पायथ्याकडे सरकते. खाली प्लायवूडची फळी, त्यावर रबरी चटई घालून सायकल खाटेच्या दांडीला रुंद नाडीने बांधली की भागतं. गुडघा पूर्ण ताठ होईल इतकी लांब ठेवू नये. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर मोजे हवेतच. पेडलचा पट्टा घासून जखम झालेली कळतही नाही.

वेळ चुकली तर सगळंच फसतं. डायलिसिसच्या चार तासांपैकी पहिल्या दोन तासांतच पेडल मारावं. पुढे अंगातलं बरंच पाणी निघालेलं असतं, बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. सुरुवातीला 5 मिनिटं चावी पूर्ण सैल, मग 15-20 मिनिटं थोडी घट्ट, शेवटी पुन्हा सैल. बोलताना धाप लागली तर चावी सैल करायची. वरचं बीपी 180 च्या पुढे किंवा 100 च्या खाली असेल, छातीत दुखत असेल, तर त्या दिवशी सुट्टी. फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीचा) हात हलला की मशीनचा अलार्म वाजतो. सुई सरकली तर हात सुजतो. मांडीत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर पेडल नाहीच. डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं, हे वेगळं सांगायला नको.

फायदा रिपोर्टपेक्षा पायांत दिसतो. एसटीची उंच पायरी दांडा न ओढता चढता येते. जर्मनीतल्या मोठ्या चाचणीतही वर्षभर व्यायाम केलेल्यांची एका मिनिटातली खुर्चीवरची उठबस वाढली होती. रक्तातला फॉस्फरस मात्र पेडलच्या भरवशावर सोडू नये, त्यासाठीच्या जेवणाबरोबरच्या गोळ्या चालूच राहतात. आणि 'सायकल मारली, आता एक केळं चालेल' हा रावेर-यावलकडचा, केळीच्या पट्ट्यातला हिशेब धोक्याचा. केळ्यातलं पोटॅशियम त्याने उतरत नाही.

मे महिन्यात खानदेशात पारा 44-45 वर जातो, पाणी जास्त पिलं जातं आणि दोन डायलिसिसमधलं वजन फुगतं. अशा दिवशी मशीनला जास्त पाणी ओढावं लागतं, म्हणून पेडल 10 मिनिटांवर आणावं किंवा नुसते घोटे फिरवावेत.

स्वस्त सायकलीतला ब्रेकचा पट्टा लवकर झिजतो, चावी कितीही आवळली तरी पेडल सैलच फिरतं. घेतानाच सुटा पट्टा मिळतो का ते विचारावं.