फिल्म स्टडीजचा एमए आणि इंडियनसिने डॉट एमए : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

फिल्म स्टडीजच्या एमएला ॲडमिशन घेतली की पहिल्या सेमिस्टरपासून एकच गोष्ट परत परत कानावर पडते, सीनमध्ये काय झालं ते सांगू नका, शॉट कुठे सुरू झाला, कुठे संपला, कॅमेरा कुठे होता, आवाज कुठून आला ते सांगा. स्टोरी सगळेच सांगतात. आता हे करायचं तर सिनेमा हातात पाहिजे, म्हणजे थांबवता आला पाहिजे, मागे नेता आला पाहिजे आणि त्यातली नेमकी दहा सेकंदं दुसऱ्याला दाखवता आली पाहिजेत. माझं डिझर्टेशन प्रभात फिल्म कंपनीच्या १९३०च्या दशकातल्या बोलपटांवर आहे आणि ह्या कामासाठी मी सगळ्यात जास्त जी गोष्ट वापरते ती म्हणजे इंडियनसिने डॉट एमए (indiancine.ma) ही भारतीय सिनेमांच्या ऑनलाइन संग्रहाची साईट. फुकट आहे. आपल्याकडे मराठीत हिच्याबद्दल फार कुणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडक्यात, ही साईट २०१३ साली सुरू झाली. मुंबईचा कॅम्प नावाचा स्टुडिओ आणि बर्लिनचे काही प्रोग्रामर ह्यांनी आधी २००८ मध्ये पाद्मा नावाचं व्हिडिओ अर्काइव्ह केलं होतं, त्याच सॉफ्टवेअरवर ही पण चालते. सिनेमांची जी मूळ यादी आहे तिचा पाया आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन ह्यांचा भारतीय सिनेमाचा एन्सायक्लोपीडिया, जो १९९४ला आला आणि १९९९ला वाढवून परत निघाला. फिल्म स्टडीज करणाऱ्या कुणालाही तो ग्रंथ माहीत असतोच, लायब्ररीत बसून त्याची पानं उलटायची सवयच लागते. साईटवर तीच माहिती शोधता येते, गाळून घेता येते, साल भाषा दिग्दर्शक कसंही लावून बघता येते. नष्ट झालेल्या सिनेमांच्या पण नोंदी आहेत. आपला पहिला बोलपट आलम आरा, त्याची एकही प्रिंट आज उरलेली नाही, आपल्या मूकपटांपैकी तर अगदी थोडेच वाचले, तरी त्यांची नावं यादीत दिसत राहतात आणि इतिहास लिहिणाऱ्याला ते फार महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर जे हातात आहे तेवढंच झालं होतं असं आपण धरून चालतो.

पण खरी कमाल प्लेअरमध्ये आहे. सिनेमा उघडला की खाली त्याची टाइमलाइन दिसते, अख्खा सिनेमा उभ्या बारीक पट्ट्यांमध्ये पसरलेला, कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जागा, कुठे आहेत ते मशीनने ओळखून खुणा केलेल्या. इन आणि आउट पॉइंट, म्हणजे सुरुवात आणि शेवट, लावायचे, तेवढा तुकडा वेगळा होतो आणि त्याची स्वतःची लिंक मिळते. म्हणजे डिझर्टेशनच्या तळटीपेत मी वाचणाऱ्याला थेट त्या शॉटवर नेऊ शकते. पुस्तकाचा पान नंबर देतो तसा सिनेमाचा सेकंद देता येतो. हे ज्याने सिनेमावर पेपर लिहिलाय त्यालाच कळेल किती मोठं आहे, कारण एरवी आपण 'उत्तरार्धातल्या एका दृश्यात' असलं मोघम लिहून पुढे जातो आणि गाईडला ते पटतही नाही.

एका मिनिटात किती कट, रंग, उजेड ह्यावर पण सिनेमे लावून बघता येतात. शॉट मोजण्याची पद्धत तशी जुनी आहे, बॅरी सॉल्ट ह्या सिनेमाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकातच सरासरी शॉट लेंग्थवर काम सुरू केलं होतं, नंतर २००५ला यूरी त्सिव्यान ह्या अभ्यासकाने सिनेमेट्रिक्स ही शॉट मोजायची साईट काढली जिच्यात सिनेमा बघत बघत प्रत्येक कटला आपण क्लिक करायचं. इथे पहिली मोजणी तयार मिळते. पण नुसत्या त्या आकड्यावर विसंबून काहीही लिहू नका प्लीज. जुन्या प्रिंटमध्ये फिल्म तुटून जोडलेली असते, ओरखडे असतात, फ्रेम गळलेल्या असतात आणि मशीनला तो पण कट वाटू शकतो, उलट डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत विरत दुसरं येणं, असला तर तो निसटू शकतो. आणखी एक, सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा आपल्याकडच्या पाल ह्या व्हिडिओ पद्धतीच्या सीडी डीव्हीडीवर जाताना २५ फ्रेमने पळवला जायचा, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, मग सेकंदांचा हिशोब चार टक्क्यांनी चुकतो आणि गाण्याची पट्टी पण किंचित चढते. कॉपी कुठून आलीये हे आधी बघायचं, डोळ्यांनी तपासायचं, मग आकडा लिहायचा.

आता प्रत्यक्ष उदाहरण देते. १९३६च्या संत तुकाराममधली भजनं. कला समीक्षक गीता कपूर ह्यांनी १९८०च्या दशकात ह्या सिनेमावर जे लिहिलं ते आपल्या विषयात सगळीकडे शिकवतात, की विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम बऱ्याचदा समोरून, सरळ प्रेक्षकाला सामोरा येतो आणि बघणाऱ्याशी एक वेगळं नातं जुळतं. वर्गात हे ऐकलं तेव्हा पटलं होतं, पण टाइमलाइनवर भजनाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा लक्षात आलं की नजर महत्त्वाची आहेच पण शॉट किती वेळ टिकतो ते पण तितकंच महत्त्वाचं, आणि घरातल्या प्रसंगात जिथे जिजाईचा तोंडाचा पट्टा सुरू असतो तिथे सिनेमाची चालच बदलते, दिग्दर्शक दामले फत्तेलालांनी भक्ती आणि संसार ह्यांना वेगवेगळी लय दिलीये. हा माझ्या एका प्रकरणाचा मुद्दाच झाला आणि तो ह्या साईटवर बसून सापडला.

दुसरं म्हणजे १९३७चा कुंकू. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही, जे आवाज आहेत ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. नायिका शांता आपटे ग्रामोफोन लावून त्यावर गाते, म्हणजे वाद्यांचा आवाज कुठून येतोय ते पण आपल्याला दिसतं. नायिकेचे म्हातारे नवरे काकासाहेब, त्यांच्या घड्याळाचा आवाज कुठे कुठे येतो ते मी एकेक जागा शोधून नोंदवतेय, हे काम नुसता सिनेमा बघून होत नाही, टाइमकोड, म्हणजे सिनेमातला नेमका मिनिट-सेकंद, लागतोच.

आता नोंदींबद्दल, आणि ह्याच्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. अकाउंट काढलं की सिनेमाच्या कुठल्याही सेकंदाला तुम्ही टीप जोडू शकता, संवाद उतरवू शकता, जागेचं नाव देऊ शकता, आणि ती पुढे सगळ्यांना दिसते. बंगाली, हिंदी सिनेमांवर चांगलं काम झालेलं सापडतं, पण मराठी सिनेमांवर मराठी येणाऱ्या लोकांच्या नोंदी खूप कमी आहेत. ही साईटची चूक नाही, ते काम आपलं आहे आणि आपणच करायला पाहिजे. कारण बघा, संत तुकाराममधलं 'आधी बीज एकले' हे गाणं गाथेत नाही, ते सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलं. ते इतकं तुकोबांसारखं उतरलंय की भल्याभल्यांना तो अस्सल अभंग वाटतो. बाहेरच्या विद्यापीठातला एखादा अभ्यासक सबटायटल वाचून त्याला अभंग म्हणून मोकळा झाला तर पुढचा सगळा युक्तिवादच तिरका जातो. त्या गाण्याच्या सेकंदाला एवढी एक ओळ लिहून ठेवली तरी ते टळतं. तसंच बोलीचं, वहिनी कुणाला म्हणतात, अहो जाहो कुठे सुटतं आणि अरे तुरे कुठे सुरू होतं, कपाळावरच्या कुंकवाला काय अर्थ आहे, हे आपल्याला सहज कळतं पण कुठे लिहिलेलं नसतं.

मर्यादा पण सांगते. सगळे सिनेमे बघायला मिळत नाहीत, बऱ्याच ठिकाणी नुसती माहितीची नोंद असते, कारण आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरचं वर्ष सुरू झालं की तिथपासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६५ला आलेला सिनेमा २०२६च्या १ जानेवारीला मोकळा झाला. तुमचा विषय १९७० ते ९०चा मराठी सिनेमा असेल तर इथे भागणार नाही. कॉप्यांचा दर्जा पण कमीजास्त आहे, व्हीसीडीच्या दर्जाची कॉपी असेल तर चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं, त्यात मागच्या भिंतीवर काय टांगलंय हे ओळखू येत नाही, मग नेपथ्यावर किंवा प्रकाशयोजनेवर लिहायचं असेल तर पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हला गेल्याशिवाय पर्याय नाही. गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, फोटो हे पण तिथेच बघायचं, ते हातात घेऊन बघण्यात वेगळं काही आहे. आणि मोबाईलवर हे सगळं करायला जाऊ नका, नोंदी करायच्या एडिटरसाठी लॅपटॉप लागतो, शक्य असेल तर मोठी स्क्रीन आणि हेडफोन.

एमएच्या पहिल्या वर्षाला असाल तर डिझर्टेशनची वाट बघू नका, आत्ताच एक सिनेमा घ्या, त्यातलं एक दहा मिनिटांचं रीळ घ्या आणि शॉट बाय शॉट नोंदी करून बघा. संवाद देवनागरीत उतरवा. मी सध्या कुंकूच्या पहिल्या भागाचे संवाद उतरवतेय, सिनेमा लांब आहे आणि एकटीने सगळा होणार नाही, कुणाला पुढचा भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्या.