हिमालयन 450: रंगावर पैसे घालवू नका

मेव्हण्याला रॉयल एनफील्डची हिमालयन 450 मोटरसायकल घ्यायची आहे. परवा त्याने शोरूममधूनच फोन केला. "तपकिरी घ्यायची तर थांबावं लागेल, काळी आजच घेऊन जा," असं शोरूमवाले त्याच्या मागे लागले होते. स्टॉकमध्ये पडून असलेली महागडी गाडी गळ्यात मारायची ही पद्धत मला अजिबात आवडत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी काझा ब्राऊन आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा काझा ब्राऊन 2.69 लाख आणि हॅन्ले ब्लॅक 2.84 लाख होती, एक्स-शोरूम. इंजिन तेच, 17 लिटरची टाकी तीच, सस्पेन्शन तेच. फरक फक्त रंगाचा. शिवाय आपल्याकडे रोड टॅक्स किमतीवर टक्क्यांनी लागतो, म्हणजे रंगासाठी जास्त मोजलेल्या पैशांवर पुन्हा कर. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या गाड्यांना 40 टक्के जीएसटी आहे, तेव्हा हा हिशोब आणखीच बोचतो.

घेतली तेव्हा तपकिरी थोडी मरगळलेली वाटायची, फोटोतही उठून दिसायची नाही. पावसाळ्यात आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे फेऱ्या झाल्या आणि मत पार बदललं. जांभ्याचा लाल चिखल सुकला तरी या रंगावर डोळ्यात भरत नाही. मित्राच्या काळ्या गाडीवर (कंपनी दुसरी) तोच चिखल लांबून दिसतो. मग तो कोरड्या फडक्याने पुसतो. उन्हात तिरकं पाहिलं तर त्याच्या टाकीवर बारीक गोल चऱ्यांचं जाळं दिसतं. धूळ आधी पाण्याने उतरवायची, मगच कापड लावायचं, हे काळ्या रंगाला कटाक्षाने पाळावं लागतं.

रंग कुठलाही घ्या, टँक बॅग (टाकीवर पट्ट्यांनी बांधायची पिशवी) लावण्याआधी पट्ट्यांच्या जागी पारदर्शक फिल्म चिकटवून घ्या. पट्ट्याखाली अडकलेली धूळ खडबडीत रस्त्यावर सतत घासत राहते. जॅकेटची चेन टाकीला लागते तिथेही एक तुकडा हवाच.

धुक्यात पांढरी गाडी जास्त सुरक्षित, असं मीही धरून चाललो होतो. ऑकलंडमधल्या मोटरसायकलस्वारांचा एक अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, तो वाचला. त्यात गाडीच्या रंगाचा अपघाताशी संबंध आढळला नाही. पण काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांचा धोका 24 टक्के कमी निघाला आणि फ्लुरोसंट किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्यांचा 37 टक्के. पांढऱ्या हेल्मेटला जादा पैसे पडत नाहीत. मी लगेच घेतलं.

मॉडेल ठरवताना सीटची उंची बघा. 825 आणि 845 मिलिमीटर अशा दोन्ही उंचीवर, रायडिंगचे बूट घालून, मागे कुणाला तरी बसवून बघा. 196 किलोची गाडी उतारावर एका पायावर पेलायची आहे. आणि वाचलेले पैसे ट्यूबलेस स्पोक चाकांवर घाला. ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक काढणं आलं. ट्यूबलेसला खिळा ओढून भोकात रबरी स्ट्रिप घातली, हवा भरली की निघालो.

आणि "आधी मिळेल ती घेऊ, रंग नंतर बदलू" या भरवशावर राहू नका. रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, बदलला तर आरटीओत जाऊन नोंद करून घ्यावी लागते. हवा तो रंग येईपर्यंत थांबा, बुकिंग दुसरीकडे फिरवावं लागलं तरी चालेल.